यादीत नाव नाही, तोवर तिजोरी उघडत नाही



आपल्या वस्तीत सरकारी पैशाची गोष्ट निघाली की ती घरकुल, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड आणि निराधारांची पेन्शन या चार विषयांभोवती फिरते. त्यात नवल नाही. विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनाच्या पायऱ्या ज्यांनी जातपडताळणीसाठी आणि मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी झिजवल्या आहेत, त्यांना सरकारी पैसा आपोआप घरी चालत येत नाही, हे वेगळे सांगायला नको. पण सरकारी पैशाचे आणखी एक खाते आहे. त्याची चौकशी आपल्यापैकी कोणीच करीत नाही. विषारी कचऱ्याने नासलेली जमीन आणि पाणी पुन्हा स्वच्छ करण्याचे ते खाते.

हा विषय शास्त्रज्ञांचा, वकिलांचा, मोठ्या लोकांचा आहे असे आपण समजतो. परंतु त्या नासलेल्या जमिनीवर झोपडे बांधून राहतो कोण? तेथल्या विहिरीचे आणि हापशाचे पाणी पितो कोण? तो कचरा उघड्या हाताने चिवडतो कोण? उत्तर आपल्याला माहीत आहे. मग पैशाचा हिशेब तेवढा दुसऱ्यांनी का ठेवावा? म्हणून या अंकात हा जमाखर्च साध्या भाषेत मांडतो.

२०२५ च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नवे नियम जारी केले. कारखान्याने आज निघालेला घातक कचरा कसा साठवावा, कसा न्यावा, कोठे जाळावा, याचे नियम आपल्याकडे आधीपासून होते. पण तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोणी तरी टाकून गेलेल्या विषाचे काय करायचे, ते कोणी साफ करायचे आणि पैसे कोणी भरायचे, याची सलग पद्धत देशात नव्हती. ती या नियमांनी पहिल्यांदा घालून दिली. हे नियम आले तेव्हा देशात अशी १०३ ठिकाणे सरकारदरबारी नक्की झाली होती. त्यांपैकी सफाईचे काम सुरू झाले होते केवळ ७ ठिकाणी. शंभर एकरांत तण माजले आहे आणि सात एकरांत खुरपे लागले आहे, अशी ही अवस्था!

विष दिसत नाही

घातक कचरा म्हटला की भोपाळसारखा मोठा कारखाना डोळ्यांपुढे येतो. तो असतोच, पण विष त्याहून जवळ आहे. गाडीच्या जुन्या बॅटरीत शिसे असते. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. चामडे कमावण्याच्या आणि धातूला मुलामा देण्याच्या धंद्यात क्रोमियम वापरतात. गॅरेजमधले जळके ऑइल, रंगाचे आणि कीटकनाशकाचे डबे, मुदत संपलेली औषधे, तांबे काढण्यासाठी जाळलेल्या वायरी, ही सगळी त्याच कुळातली. भाजीचा देठ महिन्या-दोन महिन्यांत कुजून माती होतो. शिसे कुजत नाही. ते मातीत बसते, पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरते, धुळीबरोबर घरात येते. त्याचा पहिला मार बसतो लहान लेकरांच्या मेंदूच्या वाढीवर. मूल अभ्यासात मागे पडले की आपण त्याला रागावतो. त्याच्या रक्तात काय आहे, हे तपासायला कोण जातो?

विश्रांतवाडी, धानोरी, कळस, टिंगरेनगर हा काही रासायनिक कारखान्यांचा पट्टा नाही. पण भंगाराची दुकाने, बॅटऱ्यांची दुकाने, गॅरेजे आणि नाल्याकाठच्या मोकळ्या जागा आपल्याकडेही आहेत. सोसायट्यांतून कचरा गोळा करणाऱ्या कितीतरी भगिनी आपल्याच वस्त्यांतून पहाटे बाहेर पडतात. त्यामुळे हा प्रश्न आपल्या उंबऱ्याच्या आतला आहे.

पैशाच्या तीन थैल्या

आता मुख्य प्रश्न. नासलेली जागा साफ करायला पैसा कोठून येतो? जगभर पाहिले तर तीनच थैल्या दिसतात.

पहिली थैली घाण करणाऱ्याची. ज्याने विष टाकले त्याने ते उचलण्याचा खर्च द्यावा, हे सरळ न्यायाचे तत्त्व आहे. आपल्या देशात ते सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बिछडीच्या खटल्यात ठामपणे लागू केले. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. तेथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस रासायनिक कारखान्यांनी रंगाच्या धंद्यात लागणारे एक आम्ल तयार केले आणि सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ उघड्यावर टाकला. पावसाने तो जमिनीत मुरला. गावच्या विहिरींचे पाणी रंग बदलून गेले. माणसांना पिण्यालायक राहिले नाही आणि पिकालाही चालेना. न्यायालय म्हणाले, खर्च कारखानदारांनी द्यावा. पण कारखानदारांनी अर्जामागून अर्ज करून पंधरा वर्षे काढली. अखेर २०११ साली न्यायालयाने ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये भरण्याचा हुकूम दिला आणि त्यावर नोव्हेंबर १९९७ पासून दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याज लावले. बचत गट चालवणाऱ्या आपल्या भगिनींना याचा अर्थ लगेच कळेल. १२ टक्के चक्रवाढीने रक्कम सुमारे सहा वर्षांत दुप्पट होते. तेरा वर्षांत ती सव्वाचार पटीहून पुढे जाते. ज्यांनी वेळकाढूपणा केला, त्यांच्यावर तो वेळच न्यायालयाने व्याजासह चढवला. हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा असा आहे. मात्र गावकऱ्यांच्या विहिरीतून या पंधरा वर्षांत काय निघाले, तेही लक्षात ठेवावे.

दुसरी थैली खास निधीची. कारखानदार पळून गेला, कंपनी बुडाली, मालक मेला, तर काय करायचे? तामिळनाडूत रानीपेट येथे क्रोमियमचा कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला आणि मागे सुमारे सव्वादोन लाख टन विषारी गाळ उरला. अशा बेवारस विषासाठी वेगळा निधी लागतो. आपल्या सरकारने २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवला आणि त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा केला. दूषित जागांच्या सफाईच्या प्रकल्पालाही त्याच निधीतून आधार मिळायचा होता. उपकर वाढत वाढत २०१६ साली टनामागे ४०० रुपये झाला. २०१७ साली जीएसटी आला आणि हा उपकर राज्यांना भरपाई देण्याच्या खात्यात वळला. तोवर जमा झाले होते सुमारे ८६ हजार ४४० कोटी रुपये. त्यांतले निधीत प्रत्यक्ष गेले सुमारे २९ हजार ६५० कोटी. प्रकल्पांवर खर्च झाले सुमारे १५ हजार ९०० कोटी. मी व्यापार शाखेचा पदवीधर, दिवसभर बिले आणि व्हाऊचर तपासणारा कारकून. माझ्या टेबलावर असा ताळेबंद आला, तर पहिला शेरा मी हाच मारीन की ज्या नावाने वर्गणी गोळा केली त्या नावावर ती खर्च का झाली नाही? आपण भीमजयंतीची वर्गणी गोळा करतो. शंभर रुपये जमले आणि जयंतीवर अठरा-एकोणीस रुपयेच खर्च झाले, तर वस्ती मंडळाला हिशेब विचारणार नाही काय?

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाचीही गोष्ट फार वेगळी नाही. न्यूयॉर्क राज्यात लव्ह कॅनाल नावाच्या वस्तीखाली पुरलेली रसायने १९७८ साली लोकांच्या तळघरांतून वर आली. आयाबायांनी मोठा लढा दिला. त्यानंतर १९८० साली तेथे 'सुपरफंड' नावाचा कायदा झाला. तेल आणि रसायनांच्या कंपन्यांवर कर बसवायचा आणि त्या पैशातून बेवारस विष साफ करायचे, अशी योजना. १९९५ साली कराची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. २००३ पर्यंत कराची शिल्लक संपली. मग सफाईचा बोजा सामान्य करदात्यावर पडला. तो कर पुन्हा बसवायला २०२१ साल उजाडावे लागले. निधी कितीही मोठा असला तरी त्यावर जनतेची नजर नसेल तर तो आटतो, हा यातला धडा आहे.

तिसरी थैली सरकारच्या अंदाजपत्रकाची, म्हणजे तुमच्या-माझ्या काडीपेटीवरच्या करातून भरलेली. भोपाळचे उदाहरण घ्या. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. हजारो माणसे मेली. १९८९ साली कंपनीशी ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. वाढीव भरपाईची सरकारची मागणी २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. कारखान्याच्या आवारातला विषारी कचरा चाळीस वर्षे तेथेच पडून होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यातला ३३७ टन कचरा बारा कंटेनरांतून इंदूरजवळच्या पीथमपूरला नेला आणि जूनअखेर तो जाळून संपवला. त्यासाठी केंद्राने १२६ कोटी रुपये दिले. भागाकार करून पाहा. टनामागे सुमारे ३७ लाख रुपये! हे पैसे कंपनीने दिले नाहीत, जनतेने दिले. आणि तेवढ्याने भोपाळ स्वच्छ झाले असेही नाही. कारखान्याभोवतीची माती आणि जमिनीखालचे पाणी हा प्रश्न शिल्लकच आहे. शिवाय पीथमपूरच्या लोकांनीही विचारले की एका गावाचे विष आमच्या गावात का? त्यांचा प्रश्न खोटा म्हणता येईल काय?

डेपो कोणाच्या दारात?

आता पुण्याकडे या. एकेकाळी पुण्याचा कचरा डेपो कोथरूडला होता. कोथरूड वाढले, बंगले आणि सोसायट्या आल्या. डेपो हलला आणि १९९० च्या दशकापासून पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात जाऊ लागला. कोथरूडच्या त्या जागेवर पुढे मेट्रोचा डेपो उभा राहिला. उरुळी-फुरसुंगीकरांच्या वाट्याला मात्र काळे पाणी, नासलेल्या विहिरी, माशा, धूर आणि टँकरची वाट पाहणे आले. त्यांनी वर्षानुवर्षे गाड्या अडवल्या, मोर्चे काढले, हरित न्यायाधिकरणाचे दार ठोठावले. त्यांच्या जिद्दीला आपण दाद दिली पाहिजे, कारण आपल्या घरातल्या पिशवीचे ओझे त्यांनी वाहिले आहे.

अशा जुन्या ढिगांच्या सफाईसाठी स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून, केंद्राने पैसा देऊ केला. त्यात खर्चाचा दर धरला टनामागे ५५० रुपये. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या पुण्यासारख्या शहराला केंद्राचा वाटा २५ टक्के. समजा एखाद्या ढिगात दहा लाख टन कचरा आहे. त्याचा खर्च झाला ५५ कोटी. केंद्राचे पावणेचौदा कोटी आणि बाकीचे सव्वाएकेचाळीस कोटी राज्याने आणि महापालिकेने उभे करायचे. भोपाळचे ३७ लाख आणि येथले ५५०, दोन्ही कचरे एक नव्हेत, हे मान्य. पण शहरी ढिगात काय फक्त भाजीचे देठच असतात? बॅटऱ्या, औषधे, ट्यूब, रंगाचे डबे सगळे त्याच ढिगात गेलेले आहे. ५५० रुपयांत माती चाळली जाईल. पाण्यात उतरलेले शिसे त्या दरात निघेल काय?

कचरा नेहमी दुबळ्याच्या दारात का जातो, याचे उत्तर अमेरिकेतल्या आपल्या काळ्या बांधवांनी शोधले. नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९७८ साली विषारी तेल रात्रीच्या अंधारात रस्त्याच्या कडेने सांडून टाकले गेले. ती नासलेली माती पुरायला सरकारने जागा निवडली वॉरेन काउंटीची. तेथे बहुसंख्य वस्ती गरीब काळ्या लोकांची होती. १९८२ साली स्त्रिया, मुले, पाद्री ट्रकपुढे रस्त्यावर आडवे झाले. पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली. ट्रक थांबले नाहीत, माती पुरली गेली. पण त्या लढ्यातून १९८७ साली तेथल्या एका चर्चने देशभराची पाहणी केली. घातक कचऱ्याची जागा ठरताना वंशाचा संबंध सर्वांत ठळक दिसतो, असे त्या पाहणीतून पुढे आले. वॉरेन काउंटीतले विष अखेर २००३ च्या सुमारास सरकारी खर्चाने, सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्चून काढले गेले. वीस वर्षे लोकांनी पिच्छा सोडला नाही म्हणून ते झाले. गावकुसाबाहेर ज्यांना हजारो वर्षे ठेवले आणि मेलेली ढोरे ओढायला लावले, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

आणि महाडचे नाव घेतल्याशिवाय पाण्याची गोष्ट आपल्याला पुरी करता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावरचा माणसाचा हक्क जगाला दाखवला. त्याच महाडजवळ आज रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. तेथून वाहणाऱ्या सावित्री नदीचे नाव केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहे. त्या यादीत देशातले ३५१ पट्टे होते आणि सर्वाधिक ५३ आपल्या महाराष्ट्रातले. पाण्याला हात लावण्याचा हक्क आपण मिळवला. आता ते पाणी हात लावण्याजोगे राहावे, हाही हक्कच आहे.

नव्या नियमांत काय आहे?

नव्या नियमांची पद्धत अशी आहे. महापालिका, ग्रामपंचायत यांसारखी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन यांनी स्वतःहून अथवा लोकांच्या तक्रारीवरून संशयित जागांची यादी करायची आणि दर सहा महिन्यांनी ती कळवायची. राज्याच्या प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. संशय खरा वाटला तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी. १८९ रसायनांच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत, त्यांच्याशी ताडून पाहायचे. जागा दूषित ठरली तर ते जाहीर करायचे आणि तेथे लोकांच्या वावरावर बंधन घालायचे. मग ९० दिवसांत विष टाकणारा कोण, हे शोधायचे. तो सापडला तर खर्च त्याचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर केंद्र आणि राज्य सरकारांनी पैशाची व्यवस्था करायची.

पद्धत चांगली आहे. पण तीत दोन फटी आहेत. एक म्हणजे जागा दूषित ठरल्यावर ती अमुक वर्षांत साफ झालीच पाहिजे, अशी मुदत नियमांत नाही. दुसरी म्हणजे शहराच्या कचरा डेपोचा साधा घनकचरा या नियमांतून वगळला आहे. त्यात घातक रसायन मिसळून मर्यादेपेक्षा जास्त दूषण झाले असेल, तरच तो डेपो या नियमांखाली येतो. म्हणजे ते सिद्ध करण्याचा भार पुन्हा तपासणीवर, आणि तपासणीची मागणी करण्याचा भार लोकांवर आला.

म्हणून मी म्हणतो की पैशाच्या आधी यादी येते. तिजोरीत कितीही कोटी असले तरी ज्या जागेचे नाव यादीत नाही, तिच्यासाठी एक रुपया निघत नाही. आणि यादीत नाव घालायला साहेब आपल्या नाल्याकाठी स्वतःहून येणार नाहीत.

मध्यंतरी विहारात वंदनेनंतर या विषयावर बोललो, तेव्हा कचरा वेचणाऱ्या एका मावशीने मला विचारले, "दादा, जागा साफ करायला कोटी देतात म्हणता. मग आमच्या हाताला बॅटरीतलं ॲसिड लागतं, त्याला काय देतात?" सभेत सगळे गप्प झाले. खरे आहे. सफाईच्या अंदाजपत्रकात यंत्राचे भाडे असते, डिझेल असते, ठेकेदाराचा नफा असतो. ज्यांनी इतकी वर्षे शहराचा कचरा हाताने वेगळा केला, त्यांच्या हातांची ओळ त्यात नसते. या भगिनी बहुतांशी दलित समाजातल्या आहेत. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तेव्हा त्यांना कामगार म्हणून ओळख मिळायला सुरुवात झाली. पुढे त्यांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम घेतले. संघटना केली म्हणून ओळखपत्र मिळाले. आता विषारी कचऱ्याच्या पैशातही त्यांचा वाटा मागितला पाहिजे. सफाईच्या प्रत्येक ठेक्यात हातमोजे, बूट, मास्क आणि रक्तातले शिसे तपासण्याचा खर्च वेगळा दाखवला पाहिजे. ढीग उपसताना वेचकांची रोजीरोटी जाणार असेल, तर त्यांना त्याच कामावर आधी घेतले पाहिजे.

आपण काय करायचे?

एक. प्रत्येक वस्तीतल्या मंडळाने, महिला मंडळाने आपल्या भागाची एक वही करावी. कोठे बॅटऱ्या फोडतात, कोठे वायरी जाळतात, कोठे रात्री टेंपो येऊन पिंपे रिकामी करतो, कोणत्या बोअरच्या पाण्याला रंग किंवा वास आहे, हे तारीखवार लिहावे. फोटो ठेवावेत. कोणाशी भांडण करू नये. भंगाराचे दुकान चालवणाराही बहुधा आपल्यासारखाच हातावर पोट असलेला असतो. त्याला हुसकावणे हे आपले काम नाही, त्याला सुरक्षित पद्धत मिळवून देणे हे आहे.

दोन. त्या नोंदींवरून लेखी अर्ज करावा. एक प्रत येरवडा-कळस-धानोरी क्षेत्रीय कार्यालयात, एक जिल्हाधिकाऱ्यांकडे, एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुणे येथील कार्यालयात. अर्जात स्पष्ट लिहावे की २०२५ च्या दूषित स्थळ नियमांनुसार ही जागा संशयित म्हणून नोंदवावी. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तोंडी सांगितलेले सरकारी दप्तरात नसते.

तीन. सहा महिन्यांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकावा. २००५ च्या कायद्याने हा हक्क दिला आहे. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ. उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा, म्हणून थोडक्यात तीनच गोष्टी मागाव्यात. जिल्ह्यातील संशयित दूषित जागांच्या यादीची प्रत, आपल्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीची नोंद, आणि जुन्या कचऱ्याच्या सफाईसाठी मिळालेला व खर्च झालेला निधी वर्षवार. उत्तर आले नाही तर पहिले अपील करावे, अर्धवट सोडू नये.

चार. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची 'नमस्ते' योजना आहे. गटार आणि सेप्टिक टँकच्या सफाई कामगारांसाठी ती निघाली आणि २०२४ मध्ये कचरावेचकांचाही तीत समावेश झाला. नोंदणी झालेल्यांना संरक्षक साहित्य आणि आयुष्मान कार्डाचा आरोग्य विमा, अशी तरतूद आहे. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक वेचक भगिनीचे नाव त्यात आहे का, हे मंडळाने पाहावे.

पाच. आता घरातले. ट्यूब, बल्ब, सेल, औषधे, रंगाचे आणि झुरळाच्या औषधाचे डबे ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. वेगळ्या पिशवीत बांधून, वर लाल खूण करून द्या. फुटलेली ट्यूब झाडूने उडवू नका, खिडकी उघडा आणि ओल्या कागदाने तुकडे टिपून घ्या. घरात कोणी बॅटरीचे किंवा भंगाराचे काम करीत असेल, तर त्याने कामाचे कपडे बाहेर बदलावेत, हातपाय धुऊन मगच लेकराला उचलावे. ते कपडे वेगळे धुवावेत. याला पैसा लागत नाही.

डॉ. बाबासाहेबांचा १९२५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर आहे. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला जातो, जबाबदारी कोणावर आणि तिजोरी कोणाच्या हाती, याचा त्यात अभ्यास आहे. पुढे १९४९ साली संविधान सभेत बोलताना, सरकारी खर्च तपासणारा महालेखापरीक्षक हा संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत त्यांनी मांडले. आपल्या मुक्तिदात्याने जमाखर्चाला एवढे महत्त्व दिले, आणि आपण मात्र आकडे पाहिले की पान उलटतो. हे आता पुरे झाले.

तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे. पाण्यात आणि हिरवळीवर घाण करू नये, असा भिक्खूंसाठी विनयात नियम आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी जे कळले होते, त्यासाठी आज १८९ रसायनांची यादी करावी लागते. हरकत नाही. त्या यादीने रसायने मोजली आहेत, आता दुसऱ्या यादीत जागा घालायच्या आहेत. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वंदनेनंतर अर्धा तास या कामासाठी काढा. लिहिता येणाऱ्या एका मुलाला आणि वस्तीची खडान्‌खडा माहिती असलेल्या एका आजीला शेजारी शेजारी बसवा आणि वहीचे पहिले पान भरा.

जयभीम! नमो बुद्धाय!